लाभ म्हणून उघडलेली स्क्रीन

चाचांना पहिली थप्पड बसली तेव्हा मी काचेच्या खोलीत पंख्याखाली बसून त्यांच्याच कामाचा प्रोग्राम तपासत होते. आवाज इतका खणखणीत आला की हमाल पाठीवर पोती घेऊन जागच्या जागी थांबले. चाचा आमच्या हळद खरेदीच्या डेपोत वजनकाट्यावरचे मापाडी. पडलेली टोपी उचलायला ते वाकले, तर मारणाऱ्याने वाकलेल्या पाठीत आणखी एक गुद्दा घातला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या माणसाचा राग खोटा नव्हता. तो डोंगरकडा गावाहून हळद घेऊन आला होता आणि तिचं वजन खरोखरच कमी भरलं होतं.

घोळ कुठे आहे ते मला कळलेलं होतं. आमच्याकडचं मशीन जुन्या धाटणीचं, व्यापारी कंपन्यांच्या कामासाठीच बनवलेलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारं. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं काम त्यात एकाच सामाईक मॉड्यूलकडे, म्हणजे प्रोग्रामच्या एका सुट्या तुकड्याकडे होतं. गेट, खरेदी, रवानगी, सगळे प्रोग्राम त्यालाच हाक मारायचे. उन्हाळ्यात वीज झटके द्यायची, काट्याची तार क्षणभर मेल्यासारखी व्हायची, आणि नेमक्या त्या क्षणी मॉड्यूल आधीच्या गाडीचं रिकामं वजन पुढच्या गाडीला लावायचं. ट्रॅक्टरला ट्रकचं वजन लागलं की शेतकऱ्याची हळद कागदावर गायब. ती हळद चाचांनी खाल्ली असं लोक उघड बोलू लागले होते.

मी मॉड्यूल दुरुस्त केलं. खरेदीच्या स्क्रीनवर तपासलं, चोख चाललं. गेटवर मात्र तेच रडगाणं. मग मी दुरुस्त केलेल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. म्हणजे प्रोग्राम त्या ओळीवर आला की थांबतो आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते मला बघता येतं. चाचांच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक कामावर तो लागू होता. गाड्या येत राहिल्या, जात राहिल्या, आणि एकदाही काही थांबलं नाही. अडसर लावलेल्या दारातून माणसं बिनदिक्कत ये-जा करावीत तसं चाललं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी ब्रेकपॉइंट काढून परत लावला, मॉड्यूल परत बनवलं, मशीनला येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

खरं तर मी सगळ्यांना सांगितलं होतं की एकदा स्क्रीन बंद करून उघडा. चालू असलेली स्क्रीन पहिल्यांदा उचललेलं मॉड्यूलच धरून बसते, नवं आलं तरी जुनं सोडत नाही. चाचा मला म्हणाले होते, केलं बंद. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

थप्पड बसली त्याच दुपारी साखरा गावचा एक शेतकरी आला. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. हळद उतरवून रिकामी ट्रॉली काट्यावर उभी केली आणि पुन्हा तेच झालं. त्याच्या मागे गाड्यांची रांग होती, ऊन भाजत होतं, आणि डोंगरकड्याच्या माणसाची गोष्ट तोवर सगळ्यांच्या कानी गेली होती. बघता बघता चाचा बसत त्या गेटवरच्या केबिनभोवती घोळका झाला. पहिला दगड खिडकीवर बसला. काचा चाचांच्या मांडीवर पडल्या.

मी चालू कामांची यादी पडद्यावर आणली आणि थिजले. गेटची स्क्रीन हंगामाच्या पहिल्या दिवसापासून एकदाही बंद झालेली नव्हती. लॅपटॉप काखेत मारून मी केबिनकडे धावले.

"चाचा, ही स्क्रीन बंद करा. आत्ता."

त्यांनी दोन्ही हातांनी संगणकाचा डबा धरला. "न्हाई बेटी. लाभ म्हणून उघडलेली हाय. शेवटलं पोतं जाईस्तोर बंद करायची न्हाई. रोज सांजच्याला काच काळी करून वर फडकं टाकतो मी."

मला क्षणात सगळं कळलं. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चाचांच्या वडिलांच्या वेळी लाभ म्हणून टांगलेला तराजू हंगाम संपेपर्यंत कुणी उतरवत नसे. तराजू गेला, इलेक्ट्रॉनिक काटा आला, पण रिवाज चाचांनी स्क्रीनवर आणून बसवला होता. हमालांनी नारळ फोडला होता, चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं होतं, आणि तेव्हा उचललेलं जुनं मॉड्यूल ती स्क्रीन अजून छातीशी धरून बसली होती. माझा ब्रेकपॉइंट नव्यावर होता, गेट जुन्यावर चाललं होतं. तो लागणार कसा?

मी बटणाकडे हात नेला. तेवढं बाहेरच्यांना पुरलं.

"पुरावा पुसून राहिली," कुणीतरी ओरडलं.

दार कडीसकट आत आलं. माझा दंड धरून मला बाहेर ओढलं, कोपर चौकटीवर आपटून सोललं गेलं. मी एकाच्या मनगटाला चावले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. साखऱ्याच्या माणसाच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. ती त्याने संगणकावर उगारली. चाचा बाजूला झाले असते तर फक्त यंत्र फुटलं असतं. ते मध्ये आले. टॉमी त्यांच्या डाव्या कानावर बसली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला, आणि ते टेबलासकट खाली गेले. मग त्याने डब्यावर घाव घातले, एकामागून एक, पत्रा दुमडून आतल्या तारा बाहेर येईपर्यंत. रक्त बघून मागची माणसं सरकली. हमालांनी त्याला आडवा पाडून त्याच्या हातावर गुडघे रोवले. चाचांना जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. मीही जाणार होते, पण मुकादमाने मला अडवलं. रांग अजून उभी होती, आणि वजन बरोबर आलं नाही तर उरलेली केबिनही जळणार होती.

खरेदीतला संगणक आणून मी काट्याला जोडला. चाचांच्याच नावाने नवी स्क्रीन उघडली, लाभ न म्हणता. त्याच रिकाम्या ट्रॉलीचं वजन घ्यायला बटण दाबलं आणि गेटची स्क्रीन गोठली. लॅपटॉपवर माझी ओळ उजळली होती. ब्रेकपॉइंट लागला होता. आधीच्या गाडीच्या वजनाच्या जागी स्वच्छ शून्य होतं. इतका वेळ जीव टाकून ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि मला रडू कोसळलं. मी प्रोग्राम पुढे सोडला. वजनाची छापील पट्टी निघाली. वजन बरोबर होतं.

साखऱ्याच्या माणसाला उठवून पट्टी दाखवली. त्याने ती निरखून वाचली. "आता बराबर काहून आलं?" त्याने विचारलं.

खरं उत्तर एवढंच होतं की त्याने डबा फोडला, म्हणून जुनी स्क्रीन मेली आणि नवं मॉड्यूल लागलं. ते माझ्या तोंडून निघेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, फुटलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि रांगेकडे वळून म्हणाला, "पाहा. दोन हाणल्याबिगर बराबर तोलत न्हाईत." कुणी हसलं नाही, उलट माना हलल्या. तीच टॉमी उचलून त्याच्या तोंडावर घालावी असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

पोलिसात तक्रार मी दिली, चाचांनी जबाब दिला, प्रकरण चालू आहे. ते वाक्य मात्र पार औंढ्यापर्यंत पोचलं. चाचा चोर नव्हते हे सांगायला मी बसते तेव्हा लोक मॉड्यूलपर्यंत ऐकतात, टॉमीशी आले की मान डोलावतात, आणि मला पुढे बोलवत नाही.

चाचा काट्यावर परत आले. आता रोज संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी येतात. "बेटी, करू का बंद?" विचारतात, आणि उजवा कान माझ्याकडे करून उभे राहतात.