चाचांचं हॉरिबल

कपडा शिवून झाला की चाचा तो आधी उलटा करायचे. सरळ बाजूकडे बघायचेच नाहीत. आतली टीप नखाने चाचपायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, कपडा नाकाजवळ आणायचा, आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "हॉरिबल!"

हे बहुतेक वेळा माझ्या शिलाईला असायचं. बारावीला मी इंग्रजीतच गचकले होते. आणि नशीब बघा, बारामतीत चाचांच्या दुकानात शिवण शिकायला आले, तर तिथंही इंग्रजीनेच झोडपायला सुरुवात केली.

कॉलर, कफ सोडले तर चाचांना इंग्रजीतला हा एकच शब्द यायचा. तरुणपणी ते पुण्याला कॅम्पात एका सूट शिवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली होते. पुढे उस्तादही गेले आणि सूटही गेले. शब्द तेवढा चाचांनी बारामतीला आणला.

एकदा इंग्रजीचे एक सर पँट आखूड करायला आले. त्यांना काही राहवेना. "चाचा, हॉरिबल म्हणजे नुसतं वाईट नव्हे. ज्यानं अंगावर काटा येतो, माणूस हबकतो, ते हॉरिबल. भूकंप वगैरे. टीप वाकडी गेली तर बॅड म्हणावं."

चाचांनी माझ्या हातातला परकर ओढून त्यांच्यापुढे धरला. "सर, मग ह्याला काय म्हणत्यात?"

सर इतके हसले की पँट तिथंच विसरून गेले.

नंतर मीही धीर करून विचारलं, "चाचा, बॅड म्हटलं तर काय बिघडतंय?"

"बॅड म्हटलं की तू हसतीस. हॉरिबल म्हटलं की उसवाया बसतीस."

खोटं कशाला बोलू, तसंच होतं. तो शब्द कानावर आला की मी मुकाट्याने ब्लेड घ्यायची.

पण चार दिवस दुकानात बसला असता तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असती. दुसऱ्या शिंप्याच्या कामाला चाचांनी हा शब्द कधी लावला नाही. कुठूनतरी बिघडवून आणलेला ब्लाउज गिऱ्हाईक तणतणत पुढे टाकायचं. चाचा म्हणायचे, "बरं केलंय की. घाईत असंल बिचारा." आणि गुपचूप दुरुस्त करून द्यायचे. हॉरिबल फक्त घरच्यांना.

माझी गोष्ट जरा अवघड होती. वडिलांनी बजावलं होतं, "वर्षभरात हात बसला तर ठीक. एक जरी तक्रार आली, तर गावी पिंपळीला परत, आन् मी पावनं बोलावतो." मला लग्नाचं वावडं नव्हतं हो, पण त्याआधी स्वतःची मशीन हवी होती. अगदी जिवापाड हवी होती.

अशात पणदऱ्याच्या एका नवरीची पैठणी आली. साडी फॉल-पिकोला, आणि तिच्याच काठाचा ब्लाउजपीस. लग्न दोन दिवसांवर. चाचा नमाजाला गेले होते. म्हटलं, आपण बाह्या कापून ठेवू, चाचा खूश होतील. कापडाची दुहेरी घडी घालून कापलं की एक बाही डावी निघते आणि एक उजवी. पण काठ नेमका यावा म्हणून मी शहाणपणा केला. एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसऱ्या वेळी कागदी नमुना पलटायलाच विसरले. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! आणि कापड संपलेलं.

चाचा आले. त्यांनी एका बाहीवर दुसरी ठेवून बघितली. मी डोळे मिटून त्या शब्दाची वाट बघत उभी. शब्द आलाच नाही. संपलं, आता पिंपळी.

तेवढ्यात नवरीची आई आणि आत्या दारात. "झालं का चाचा?"

"ताई, बसा," चाचा म्हणाले. "माझ्या हातनं बाह्या चुकल्या. दोन्ही एकाच हाताच्या कापल्या. हॉरिबल काम झालं."

मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच त्यांनी हाताने गप केलं. "पोरी, पाणी दे त्यास्नी."

नवरीची आई मटकन खाली बसली. "अगं बाई! परवा लग्न हाय, चाचा!" तिला रडूच फुटलं. आत्या मात्र खमकी. तिने पैठणीचं आतलं टोक ओढून टेबलावर टाकलं. "हितलं कापा. ह्ये आत खोचायचं असतंय, निऱ्यांच्या आड कोण बघाया येतंय? आन् पोरगी काय जाडजूड हाय व्हय, साडी कमी पडाया!"

चाचांनी कात्री उचलली आणि माझ्या हातात दिली. "माझा हात आज ठिकाणावर न्हाय. तू काप."

पैठणीवर कात्री! मी नमुना तीनदा पलटून बघितला, मग कापलं. आत्या म्हणाली, "लई जपून काम करतीया की पोरगी."

"व्हय," चाचा म्हणाले, "माझ्यासारखं न्हाय तिचं."

नवरी अशी काही शोभली की त्या हंगामात पणदऱ्याहून गिऱ्हाइकांची रीघ लागली. वडिलांनी पाहुण्यांचं नावही काढलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच मला जुनी मशीन घेऊन दिली. आज इंदापुरात माझं दुकान आहे. खोटं का बोललात, असं मी चाचांना एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, "मशीनीत तेल घाल."

गेल्या थंडीत चाचा गेले. मी चाचींना भेटायला गेले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "हाताचा लई नेमका माणूस. जन्मात एकदाच चुकले, त्या पणदऱ्याच्या पैठणीला. त्यावरनं किती चिडवलं मी! कालवणात मीठ कमी पडलं आन् ह्यांनी तोंड उघडलं, की मी म्हणायची, दोन्ही बाह्या उजव्या कापणारानं बोलू नये. लगीच गप व्हायचे."

"चाची, त्या बाह्या मी कापल्या होत्या."

चाचींना असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"या अल्ला! अकरा वर्षं अळणी कालवण खाल्लं की गं ह्यांनी, आन् एक शबुद बोलले न्हाईत!"