माझा पायगुण आणि आमची हॉकी टीम

योकोहामात आमची एक आइस हॉकीची टीम आहे. ‘आमची’ म्हणते, कारण चार वर्षं मी तिच्यासाठी थंडगार स्टेडियममध्ये कुडकुडत बसले आहे. या टीमला हरण्याची दांडगी सवय. खेळाडू दिवसा ऑफिसात नोकऱ्या करतात, मग सराव करतात आणि शनिवार-रविवारी मार खातात. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या टीम येतात आणि आमचा धुव्वा उडवून जातात.

पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या ऑफिसात फुकट तिकिटं मिळाली म्हणून. नवरा पुण्याचा, क्रिकेटवाला; पहिल्या पिरियडमध्येच मोबाइल काढून बसला. मला तर पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, कुठे जातेय तेही दिसत नव्हतं. आम्ही सहा-शून्य हरलो. मग आमचे खेळाडू बर्फावर एका ओळीत उभे राहिले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मला एकदम रडू आलं. नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आले होते, भाषा येत नव्हती, दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नव्हतं, आणि ही घामाघूम मुलं चक्क माझी माफी मागत होती. त्यानंतर योकोहामातले फक्त दोन सामने मी चुकवले. एकदा लेकीला ताप होता, एकदा आम्ही भारतात होतो. ते दोन्ही सामने टीम जिंकली.

तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसायच्या. गळ्यात टीमचा टॉवेल, मांडीवर छोटा ढोल. त्यांनी मला घोषणा शिकवल्या, मी त्यांना चिवडा खाऊ घातला. लेक मोठी झाली तशी आमची दुभाषी झाली. घरी मी मराठीत बोलले की ती जपानीत उत्तर देते आणि माझा पारा चढतो. तिथे मात्र तिची ही खोड उपयोगी पडायची.

मग नवऱ्याची पुण्याला बदली ठरली. मार्चमधला एक रविवार, दुपारचा सामना, माझा शेवटचा. एवढंच हवं होतं, की जाण्याआधी या मुलांनी एकदा माझ्यासमोर जिंकावं.

आणि तिसऱ्या, शेवटच्या पिरियडमध्ये आम्ही चक्क तीन-दोन पुढे! आठ मिनिटं उरली होती. मी उठले.

‘‘आई, कुठे?’’

‘‘बाहेर. तू बस.’’

लहानपणी डोंबिवलीत मॅच चालू असताना मी खोलीत पाऊल टाकलं आणि विकेट पडली, की काका म्हणायचे, ‘‘तू जा बरं आत, तुझा पायगुण नको.’’ मी निमूट स्वयंपाकघरात जायचे. भारत जिंकल्याचं मी बहुतेक वेळा भिंतीपलीकडूनच ऐकलं आहे. हे थोतांड आहे हे मला कळत होतं. तरी मी व्हेंडिंग मशीनपाशी गरम कॉफीचा कॅन हातात धरून उभी राहिले.

दोन मिनिटांत बाई आल्या, ढोल सोडून. मागे लेक.

‘‘त्या विचारतायत, तुला बरं नाही का?’’

‘‘सांग त्यांना, मी आत असले की टीम हरते.’’

‘‘आई, हे मी नाही सांगणार हं.’’

‘‘सांग म्हणते ना!’’

तिने सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही धरली आणि मला ओढत आत नेलं. चार वर्षांत त्यांनी मला कधी साधा हातही लावला नव्हता.

आम्ही बसलो आणि गोल झाला. त्यांचा. मग ओव्हरटाइममध्ये आणखी एक, तोही त्यांचाच, आणि सामना संपला. खेळाडू वाकून निघून गेले तरी मी मान वर केली नाही.

‘‘सांग त्यांना, माझ्यामुळे झालं. सॉरी म्हणावं.’’

बाई ढोल पिशवीत घालत होत्या. त्या बरंच काही बोलल्या आणि लेक फिस्सकन हसली.

‘‘त्या म्हणतात, तू यायच्या आधी त्यांनी ही टीम पाच वर्षं बघितलीय. तेव्हा कोण हरवत होतं, ते सांग. आणि म्हणतात, हे हरणं तू एकटी घेऊन जाऊ नकोस. ते आपल्या सगळ्यांचं आहे.’’

बाईंनी टॉवेलने डोळे पुसले, पिशवी खांद्याला लावली आणि दर वेळेसारखी पुढच्या सामन्याची तारीख सांगितली. मी जाणार हे त्यांना महिन्यापूर्वीच सांगून झालं होतं. लेक माझ्याकडे बघायला लागली. तिने तोंड उघडायच्या आत मीच जपानीत म्हणाले, हो, येते.