नीव म्हणजे आपली नूर

दुबईच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून आमच्या खालूंइतका दुसऱ्यांच्या नावांवर जीव टाकणारा माणूस साठच्या दशकात नव्हता. आता तर असणं शक्यच नाही. खालू म्हणजे माझ्या मावशीचे, खालाचे यजमान, मूळचे रत्नागिरीचे, गोदीच्या ऑफिसात क्लार्क. तिथे आयरिश इंजिनियर आले आणि खालूंना वेडच लागलं. "सीमस नाय रे, शेमस! शेमस म्हणजे जेम्स, जेम्स म्हणजे आपला याकूब!" हे त्यांनी मला, त्यांच्याकडे राहणाऱ्या भाच्याला, भर बाजारात ओरडून सांगितलं. त्या शेमसला ईदला घरी आणून, 'याकूबभाई, याकूबभाई' करत त्याला सुरमईचं कालवण इतकं वाढलं की बिचाऱ्याला उठवेना. शॉनचा यह्या झाला, मायकेलचा मिकाईल. "हे सगळे आपलेच निघाले की!" खालूंचा आनंद गगनात मावत नसे. खाला मात्र करवादायची, "स्वतःच्या बायकोला नुसतं 'अगं' म्हणतात आणि गोऱ्यांची नावं घोकत बसतात!"

मग खालाचं पहिलं बाळंतपण अडलं. इस्पितळातल्या आयरिश नर्सने दिवसभर झुंजून मायलेकी दोघींना वाचवलं. तिचं नाव कुणाच्या जिभेला झेपत नसल्यामुळे सगळे तिला 'सिस्टर' म्हणत. खालूंनी सरळ तिलाच विचारलं आणि धावत बाहेर आले. "स्पेलिंगच्या शेवटी एम-एच लिहितात आणि बोलतात नीव! मीनिंग काय, तर तेज. म्हणजे नूर! पोरीचं नाव फायनल, खलास!" सातव्या दिवशी अकीका, म्हणजे आमच्याकडचं बारसं, करून नाव ठेवायचं आणि ते नर्सने समोर बसून ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण नर्सची इथली नोकरी संपली होती आणि तिचं विमान सहाव्याच दिवशी होतं. खालू जेवण सोडून बोटांवर दिवस मोजत बसले.

बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पण त्या सकाळी खालाच ओढणी सावरत, पोरीला घेऊन गोदीच्या जीपमध्ये जाऊन बसली. "बघत काय उभे राहिलात? यल्ला, चला! जिने माझी पोर माझ्या हातात दिली, तिला पोरीचं नाव कळायला नको?"

विमानतळावर नर्स समोर आली आणि खालूंना असं भरून आलं की ते पाठ फिरवून डोळेच पुसत राहिले. शेवटी खालानेच पोर तिच्या हातात दिली. "नीव," खाला अगदी स्वच्छ म्हणाली, "ये भी नूर है. आपकी नूर." नर्सने पोरीच्या कपाळाला गाल टेकवला आणि हसता हसता रडू लागली.

परतताना खालू तोंड पाडून बसले होते. मी म्हटलं, "खालू, खूश व्हा की! ऐकलं ना तिने नाव?"

"ऐकलं रे," ते बाहेरच्या वाळूकडे बघत म्हणाले. "पण आता तिच्या गावात तिला सगळेच नीट हाक मारतील. मग आपली हाक तिला कशाला आठवेल?"