बुरशीवाल्या अक्का

अक्कांचा राग बुरशीवर नव्हता, माणसांवर होता. ‘बुरशी आपलं काम करते. तुमच्यातलं कोण करतं?’ असं त्या भर प्रयोगशाळेत विचारायच्या आणि आम्ही खाली बघायचो. वर बघण्यात अर्थ नव्हता, वरच्या मजल्यावर साहेब बसायचे.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूला आले ती थेट अक्कांच्या हाताखाली. त्यांचं मराठी घराणं तिथे कित्येक पिढ्या मुरलेलं. माझ्या शुद्ध बोलण्याची त्यांना कीव यायची. ‘व्याकरण घरी ठेव गं. इकडे स्वल्प हात चालव.’

काम भुईमुगाचं. मातीतले उपयोगी जीवाणू बियाण्याला चोळायचे, म्हणजे शेंगेत विष सोडणाऱ्या बुरशीला ते वाढू देत नाहीत. हे विष ना चवीला कळतं, ना भाजून जातं. तरी पाहणीला आलेले बडे लोक हमखास म्हणायचे, ‘कडू दाणा थुंकला की झालं.’ चहात पडलेल्या माशीकडे बघावं तशा अक्का त्यांच्याकडे बघायच्या.

अक्कांच्या देवनहळ्ळीच्या प्रयोगाच्या प्लॉटवर पहिल्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि विष खूपच कमी निघालं. चपलेला कधी माती न लागलेल्या साहेबांनी लगेच शेतकऱ्यांसाठी पत्रक ठरवलं: जीवाणू चोळा, निर्धास्त खा. दुसऱ्या वर्षी शेंगा भरताना पावसाने दगा दिला आणि जीवाणू चोळलेल्या भुईमुगातही विष सापडलं. अक्का म्हणाल्या, पत्रक थांबवा. साहेब म्हणाले, ‘पहिल्याच वर्षाचं छापू. लोकांना एवढं कुठे कळतंय?’ असल्या माणसाला शास्त्रज्ञ म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

पुढच्या बैठकीत अक्कांनी त्याच दुसऱ्या वर्षाचे दाणे वाटीत घालून साहेबांपुढे ठेवले.

‘सरी, बरं, सर. निर्धास्त आहेत ना? मग घरी नातीला न्या.’

साहेबांनी वाटी दूर सारली. पत्रक छापायचं राहिलं. महिन्याभरात अक्कांचा प्लॉटही गेला आणि त्यांची बदली झाली.

अक्का निघताना मला रडू आवरेना. त्या वैतागल्या. ‘रडून काय होतं? मी गेले की हा माणूस पत्रक परत काढणार. तेव्हा वाटी तू ठेव.’

साहेबांना धीर नव्हताच. पुढच्याच बैठकीत त्यांनी पत्रकाचा विषय काढला. वाटी मी भरून आणली होती.