आबांचा सदरा

"सदरा काढा," सर म्हणाले.

आबा माझ्याकडं बघायला लागले. आबा म्हणजे माझे वडील. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी बारामतीत खोली घेऊन चित्रकला शिकत होते. आमच्या गावाहून, वरकुट्याहून, एस.टी.नं ते मला भाकरी द्यायला आले आणि क्लासच्या दारात उभे राहिले. सरांनी त्यांना न्याहाळलं. "काय चेहरा आहे! आज हेच मॉडेल."

मला वाटलं, आबांचा मान होतोय.

आदल्या आठवड्यात साखर कारखान्याचे एक संचालक मॉडेल म्हणून बसले होते. कोट घालून, खुर्चीवर. सरांनी त्यांना चहा पाजला. तैलरंगात माणूस कसा उभा करायचा, ते आम्ही त्यांच्यावर शिकलो. आधी पातळ तपकिरी सावल्या, मग कातडीचा रंग, उजेड अगदी शेवटी.

आबांना फरशीवर बसवलं.

"काढा सदरा. बरगड्या दिसू द्या. फाटकं घोंगडं आहे का कुणाकडं?"

वर्ग हसला. सगळी बागायतदारांची पोरं. आम्ही धनगर, पण आमची मेंढरं कधीच गेली होती, आबा शेती करायचे. बारामतीला जायचं म्हणून धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी एक गुंडी सोडली. मग दुसरी. लेकीचं नुकसान नको, एवढंच त्यांच्या मनात.

परीक्षेला बसवायचं का नाही, ते सरांच्या हातात. मी बोलले तर माझं शिक्षण संपलं. हातातला ब्रश खाली पडला.

"आबा, गुंड्या लावा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काय म्हणालीस?" सर अगदी जवळ आले.

"संचालकांचा कोट न्हाय काढला तुमी."

"मग जा. घरी बसून मेंढ्या रंगव."

आबा घाबरले. "सायेब, पोर हाय. मी काढतो की." पुन्हा गुंडीकडं हात गेला. मी तो धरला. दोघांचेही हात थरथरत होते.

"न्हाय आबा. उठा."

आम्ही चालत एस.टी. स्टँडवर आलो. तिथं मला उलटी झाली. त्या वर्षी परीक्षा बुडाली.

पुढं दुसरीकडं शिकले. पोर्ट्रेटच करते. अजूनही कुणी मोठा माणूस पाठीमागं येऊन उभा राहिला, की हात कापतो. भीती गेली नाही. जाणारही नाही. कापू दे हात. पण चित्रासाठी कुणाची अब्रू उतरवणार नाही. आणि दुसरं कुणी उतरवायला लागलं, तर पहिला आवाज माझा असेल.