ढाणकीपर्यंत आलेली पुडी

माझा धाकटा भाऊ कापसाच्या गाठी घेऊन ट्रकने पंजाबात जायचा. झोप येऊ नये म्हणून तिथल्या ढाब्यावर त्याने अफूच्या बोंडांचा चहा घ्यायला सुरुवात केली. पुढे चहाने भागेना, मग अफूपासूनच बनणाऱ्या पावडरची पुडी आली. मालकाने गाडी काढून घेतल्यावर तो गावी, ढाणकीला परतला, तेव्हा त्याची मनगटं माझ्याहून बारीक झाली होती.

पुडी मात्र त्याच्याआधीच इथे पोचली होती. बायपासवरचा पंक्चरवाला ती विकायचा.

एकदा टीव्हीवर सरहद्दीपलीकडच्या लढाईची बातमी चालू होती. आई म्हणाली, "बंद कर. त्यांचं भांडण आपल्याले कायले?"

भाऊ भिंतीला टेकून बसला होता. "आपलंच हाय, आई. पंजाबातले ड्रायव्हर सांगत. लढाईत रस्ते तुटले की तिथल्या शेतकऱ्याचा गहू घ्याले कोणी येत नाही, अफू घ्याले बंदूकवाला दारात येते. त्याच पैशात अजून बंदुका. मंग नाक्यानाक्यावर वाटा देत माल इथवर येते."

एका बऱ्या दिवशी तोच म्हणाला, "ताई, चाल, चौकीत सांगून येऊ. तो पंक्चरवाला गेला तर मी सुटीन."

साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. परतताना भाऊ म्हणाला, भूक लागली. कितीतरी महिन्यांनी म्हणाला. स्टँडवर त्याने आलूबोंडे खाल्ले, मी नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंक्चरवाला घरी आला. चपला बाहेर काढून, आईला हात जोडून बसला.

"ताई, माल जुन्या ट्यूबमधी राहते, असं तुम्ही साहेबाले सांगितलं म्हणे. मले जागा बदलावी लागली." आवाजात राग नव्हता. "माह्यावरही लोक हायेत. मी बंद केलं तर दुसरा बसवतीन."

त्याने भावापुढे पुडी ठेवली. मी भावाचा हात धरला.

"सोड, ताई," तो म्हणाला. "पाह्यलं नं तू."

त्याने हळूच हात सोडवून घेतला आणि पंक्चरवाल्यामागे निघून गेला.

उन्हाळ्यात भाऊ रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या सावलीत सापडला. आईला वाटलं झोपलाय, तिने त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. लोकांना आम्ही ऊन लागून गेला म्हणून सांगितलं. आई अजून तेच सांगते. मी तिला अडवत नाही. खरं सांगायला कुणाकडे जावं, हेच मला आता कळत नाही.