वेगळी भाजी

आमच्या धाकट्या भावजींइतका सावध माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं, तर ते आपणहून उठेपर्यंत हे स्कूटर बंद करून उभे राहणार. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते बघायला तीनदा मागं येणार. शेंगा फोडून खातानासुद्धा आतला दाणा उजेडात धरून बघणार. आणि हा माणूस पोटापाण्यासाठी करत काय होता, तर पावणेदोनशे माणसं पाठीमागं बसवून आभाळात विमान चालवत होता. मी लग्न होऊन विजापूर रोडवरच्या या घरात आले, तेव्हा ‘धाकटा दीर पायलट आहे’ हे सगळ्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मी मनात धरून बसले होते की कुणीतरी झोकदार, काळा चष्मा लावलेला येणार. दारात उभे राहिले ते हे, हातात वजनकाटा घेऊन. प्रवासाच्या आधी बॅग तोलायचा तो लोंबता काटा हो. माझ्या माहेरून आलेली पेटी त्यांनी आधी उचलून तोलली आणि मग मला वाकून नमस्कार केला.

भावजींचं सगळं यादीवर चालायचं. विमानात म्हणे एकजण यादी वाचतो आणि दुसरा त्या त्या बटणाला हात लावून ‘केलं’ म्हणतो. एक शब्द राहिला तरी विमान जागचं हलत नाही. तिथं ठीक आहे. पण हे घरी आले की आमच्या फ्रिजवर चहाची यादी लागायची. ओट्याशी उभं राहून वाचणार, “पातेलं?” मी म्हणायचं, “ठेवलं.” “पाणी?” “घातलं.” “दूध?” एकदा मी म्हटलं, “नासलं.” तर हसणं नाही की चिडणं नाही. शांतपणे म्हणाले, “मग पहिल्यापासून, वहिनी,” आणि पुन्हा “पातेलं?” म्हणून सुरू. चार वाजताचा चहा त्या दिवशी आम्हाला साडेपाचला मिळाला. बाजारातून भाजी आणायला सांगितलं, तर स्कूटरच्या डाव्या बाजूला भोपळा टांगला म्हणून उजवीकडं तेवढ्याच वजनाचे कांदे घेऊन आले. मी दोनच कांदे सांगितले होते. आठवडाभर आम्ही पोह्यात कांदा, भाजीत कांदा, कढीत कांदा घालत होतो आणि भावजी मात्र “गाडी अजिबात झुकली नाही” हेच सगळ्यांना सांगत होते. स्कूटर काढायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी ठरलेली, टायर दाबून, आरसे पुसून, खाली वाकून तेल गळतंय का ते बघून. त्यांची मुलगी सई हे सगळं चालायला लागल्यापासून बघत आलेली. मग तीही रोज शाळेच्या रिक्षाभोवती फेरी मारायची. रिक्षावाले मामा कंटाळून म्हणायचे, “काल हुती तशीच हाय की रिक्षा, बस आता.”

पण या सगळ्यावर कडी म्हणजे यांचं जेवण. विमान चालवणाऱ्या दोघांनी एकच पदार्थ खायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. अन्न बाधलं तर एकालाच बाधावं, दुसऱ्यानं विमान नीट खाली आणावं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. ही रीत भावजींनी घरात आणली. रेवतीनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं, जे खाल्लं ते हे खाणार नाहीत. लग्नाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली, तिनं जिलबी पुढं केली, तर हे हळूच विचारतात, “तू खाल्लीस का यातली?” ती लाजत ‘हो’ म्हणाली आणि यांनी तोंड मिटलं. सगळी पंगत थांबलेली. शेवटी मीच धावत जाऊन लाडू आणला आणि तो एकदाचा आत गेला. तेव्हापासून हे घरी असले की आमच्याकडे दोन भाज्या. तिला पिठलं तर यांना मेथी, तिला वांगं तर यांना डाळकांदा. “दोघं आजारी पडलो तर सईला कोण बघणार, वहिनी?” म्हणायचे. “मग मी काय भिंतीवरचं चित्र आहे का?” असं मी विचारलं की भाकरी मोडायला लागायचे. कामावर जाताना बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायचे. शेजारी बसणारा पायलट वासानं कितीही कासावीस झाला तरी त्याला चिमूटभर द्यायची सोय नव्हती. चटणी यांनी खाल्ली की त्यानं मुकाट्यानं सँडविचच खायचं.

महिन्यातले सात-आठ दिवस घरी, बाकी मुंबईत आणि वर. घरच्या ग्रुपवर यांचा एकच मेसेज यायचा, ‘उतरलो.’ दिवसातून तीनदा, कधी चारदा. ना कसे आहात, ना जेवलात का. रेवती त्याला कधी उत्तर द्यायची नाही. ती शाळेत गणित शिकवते, घरी बोलणं मोजकंच. पण पोळ्या लाटताना तिचा फोन ओट्यावर उताणा ठेवलेला असायचा, तो पालथा पडलेला मी कधी बघितला नाही. टीव्हीवर कुठल्या तरी देशातल्या विमानाची बातमी लागली की आमचे सासरे आप्पा घाईघाईनं रिमोट शोधायला लागायचे. रेवती लाटणं न थांबवता म्हणायची, “असू द्या आप्पा, आत्ताच उतरलेत.” त्या दिवशी तिची एक तरी पोळी फाटायचीच.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कंपनीनं भावजींना विचारलं. मोठं विमान देतो, लांबलांबचे देश, पण राहायचं परदेशात आणि घरी यायचं तीन-चार महिन्यांतून एकदा. आप्पा ऐंशीच्या पुढचे, मंगळवेढ्याचं रान सोडून सोलापुरात आलेत हाच त्यांना परदेश वाटतो. त्यांना टाकून रेवती जाणार नव्हती. म्हणजे गेले तर हे एकटेच. वीस वर्षं ज्या विमानाची आस धरली ते हातात येत होतं. पण सईच्या नऊ वाढदिवसांपैकी सहा यांनी फोनवर केले होते, आणि तेही यांना बोचत होतं. तेव्हा एक तर हो म्हणायचं, नाहीतर उडणंच सोडून घरी यायचं, असं यांनी मनाशी घेतलं. “मधलं काही नाही का?” मी विचारलं. “अर्धवट उतरता येत नाही, वहिनी,” म्हणाले.

उत्तर महिन्याच्या शेवटी द्यायचं होतं. यांनी महिनाभर रजा टाकली आणि आले, कशाला, तर घरी राहायचा सराव करायला. पायलट लोकांची म्हणे दर सहा महिन्यांनी जमिनीवरच्या खोट्या विमानात परीक्षा घेतात, तशी. परीक्षक मी. रोज संध्याकाळी वही घेऊन समोर बसायचे, “आज कुठं चुकलो?” काय सांगायचं? सईच्या दोन वेण्या पट्टी लावून सारख्या करता करता शाळेची प्रार्थना होऊन गेली हे सांगायचं, की आप्पांच्या गोळ्यांचं? “पांढरी गोळी?” हे वाचणार. आप्पांनी “गिळली” म्हणायचं. “पिवळी?” “गिळली.” तिसऱ्या दिवशी आप्पा कावले. “आरं, मी काय इंजिन हाय व्हय?” पण चौथ्या दिवसापासून सकाळी नऊ वाजले की स्वतःच हाक मारायला लागले, “यादी आन की रं.” सई दुपारी शाळेतून आली की पहिल्यांदा जोड्यांच्या जागेकडं बघायची, बाबांचे जोडे आहेत का. ते असले की दप्तर भिरकावून आत पळायची. हे मी वहीत लिहू दिलं नाही.

मला मनातून काय हवं होतं ते सांगून टाकते. यांनी राहावं. यादी वाचून डोकं उठवलं तरी चालेल, पण राहावं. तोंडानं मात्र मी चकार शब्द काढला नाही. माणसानं पोटच्या पोरीसाठी विमान सोडलं आणि पुढं जन्मभर खिडकीत बसून आभाळ बघितलं, तर त्याचं पाप माझ्या माथी नको. रेवतीही गप्प. एक आप्पा तेवढे विचारायचे, “कवा ठरवणार?” त्यावर भावजींनी त्यांना समजावून सांगितलं. ढगातून उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथं पोचेपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर सरळ परत वर जायचं. तिथं घुटमळत बसायचं नाही. “मला अजून दिसत नाही, आप्पा,” म्हणाले. आप्पा म्हणाले, “दिसंल. न्हाय दिसली तर न्हाय.”

शेवटच्या आठवड्यात सुट्टीच्या एका दुपारी माझा तोल गेला. महिनाभर दोन-दोन भाज्या करून वैतागले होते मी. “भावजी, आता तरी सोडा ही रीत,” मी म्हटलं. हे नेहमीसारखं म्हणाले, “दोघांतला एक तरी जागेवर राहायला हवा ना, वहिनी.” रेवती सईला भात वाढत होती. तिनं मान वर केली नाही, आवाजही चढवला नाही. एखाद्या मुलीचं गणित कुठं चुकलं ते दाखवावं तशी म्हणाली, “जागेवर मीच असते. तुम्ही कधी होता?” आणि मला म्हणाली, “ताई, मला काहीही वाढत जा. मी काय खाल्लं यानं काही फरक पडत नाही.”

भावजींच्या हातातला घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी त्यांनी वही काढली नाही. दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी असताना येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, तो नियम दोन खुर्च्यांचा आहे. दोन्ही खुर्च्यांवर माणसं बसलेली असतील तेव्हाचा.” मी म्हटलं, “बरं.” मला त्यांची दया आली.

रविवारी दुपारी रजेतलं शेवटचं जेवण होतं, सोमवारी सकाळी उत्तर कळवायचं. मी भरली वांगी केली होती रेवतीसाठी आणि यांच्यासाठी दोडका. सगळे बसले. मी दोडक्याची वाटी यांच्या ताटात ठेवायला गेले तर यांनी हात आडवा धरला. “वांगं वाढा, वहिनी.”

“ती रेवतीची आहेत,” मी म्हटलं. “खाल्लंय तिनं त्यातलं.”

“माहीत आहे.”

मी वाढलं. यांनी भाकरी मोडली, घास घेतला आणि दाणा-बिणा न बघता खाल्ला. मग आणखी एक वांगं मागितलं. रेवती मीठ आणायला म्हणून आत गेली. मीठ तिच्या समोरच होतं, आणि ती बराच वेळ बाहेर आली नाही. आप्पा ताटातलं ताक ढवळत म्हणाले, “पट्टी दिसली म्हन की.”

“दिसली, आप्पा.”

सईच तेवढी काळजीत पडली. “बाबा, पण आता दोघं आजारी पडलात तर?”

“काकू आहे की,” भावजी म्हणाले. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू. हे राहणार म्हणून पडला, आणि इतक्या वर्षांनी भिंतीवरून माझी एकदाची सुटका झाली म्हणूनही पडला. उरलेला दोडका मी संध्याकाळी उभ्या उभ्या संपवला.

पुढं राजीनाम्यानंतरचे नोकरीचे महिने त्यांनी पुरे केले. शेवटच्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, ‘उतरलो.’ आणि रेवतीनं पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं, ‘जेवायला या. एकच भाजी केलीय.’ आता सकाळी हे पायलट व्हायला निघालेल्या मुलांना कॉम्प्युटरवरून शिकवतात, आठवड्यातून दोनदा नव्या मोटरसायकलभोवती फेरी मारून मंगळवेढ्याच्या रानात जातात, आणि ज्वारीच्या प्रत्येक पोत्याचं वजन दोनदा करून गड्यांचं डोकं उठवतात. चहाची यादी अजून फ्रिजवर आहे. रेवतीचा फोन हल्ली कुठंही पडलेला असतो, परवा तर पिठाच्या डब्यात सापडला.

मध्ये एका दुपारी मी गच्चीवर पापड काढायला गेले, तर भावजी कठडा नीट धरून आभाळात बघत उभे होते. खूप उंचावरून एक विमान चाललं होतं, आवाज येईल न येईल इतक्या उंचावरून. मी म्हटलं, “आठवण येते का हो?” म्हणाले, “येते की. सोलापूरवरून जाताना मी खाली बघायचो, वहिनी. सिद्धेश्वरचं तळं दिसायचं, हिप्परग्याचं दिसायचं. आपलं घर कधी दिसलं नाही.” विमान तुळजापूरच्या बाजूला सरकत गेलं. “आता जेवण आलं असेल त्यांचं,” म्हणाले, “दोघांना वेगवेगळं.” दिसेनासं होईपर्यंत त्यांनी मान खाली केली नाही. मग पापडांच्या चादरीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी धरलं, आणि जिन्यावर येता येता त्यांनी विचारलं, “आज भाजी काय केलीय?”

“पिठलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना,” मी म्हटलं.